हिरवं झालं म्हणजे कंडक्टिंग झालं असं नाही: सोलापुरात पॉलिॲनिलिन करताना

प्रोजेक्टला कंडक्टिंग पॉलिमर (करंट नेणारं प्लॅस्टिक) घेतलंय, पॉलिॲनिलिन करायचंय, प्रोसिजर पाठवा की सर, असे मेसेज दर वर्षी जानेवारीत गड्डा यात्रेच्या आसपास यायला लागतात आणि मी दर वेळी तेच तेच टाईप करत बसतो, म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून टाकतोय. प्रोसिजर तशी अर्ध्या पानाची आहे. ॲनिलिन घ्या, ॲसिड घ्या, अमोनियम परसल्फेट टाका, हिरवं होतं, गाळा, वाळवा. एवढं कुणालाही जमतं, बारावीचं पोरगंही करेल. पुढं पावडर दाबून तिची पेलेट, म्हणजे चपटी गोळी, करून मीटर लावला आणि आकडा शंभरपट कमी आला की मग धावपळ सुरू होते, आणि तेव्हा समजतं की चूक मेजरमेंटमधे नव्हती, चार दिवस आधी धुण्यात झाली होती.

माझंच सांगतो. पहिली बॅच मी एप्रिलमधे केली. लॅबमधे पंखा गरम हवा फेकत होता, बाहेर बेचाळीस. पावडर मस्त हिरवीगार आली, मी खूश. पुस्तकात लिहिलेलं की फिल्ट्रेट न्यूट्रल होईपर्यंत पाण्यानं धुवा, मग मी धुतलं, आणि डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून शेवटचे दोन लिटर सरळ नळाचं पाणी वापरलं. आपलं सोलापूरचं पाणी कसंय ते सांगायला नको, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसवणारं. लिटमस न्यूट्रल झाला, मी समाधानानं घरी गेलो. सकाळी पावडर बघतो तर हिरवेपणा जाऊन निळसर झाक आलेली, पेलेट केली तर कंडक्टिव्हिटी जवळजवळ गायब. सगळा डोपिंगचा ॲसिड, म्हणजे साखळीला चिकटून तिला करंट न्यायला लावणारा, मी स्वतःच्या हातानं धुऊन काढला होता. घरी काकांना सांगितलं, ते आयुष्यभर पूर्व भागात सूत रंगवायच्या कामावर, त्यांना पॉलिमर वगैरे काही माहीत नाही पण लगेच म्हणाले, अरे मग ज्या पाण्यात रंग धरला त्याच पाण्यात धुवायचं ना. विषय तिथंच संपला.

आणि गंमत म्हणजे काका रसायनशास्त्राच्या दृष्टीनंही बरोबर होते, कारण पॉलिॲनिलिन हा मुळात रंगच आहे. ॲनिलिन हे नावच आपल्या नीळवरून गेलंय, नील, अरबीत अल-नील, पोर्तुगीजात अनिल, तिथून ॲनिलिन. १८२६ मधे उनव्हेरडोर्बेननं नीळ तापवून डिस्टिल केली तेव्हा हे पहिल्यांदा हाताला लागलं. १८६२ मधे लंडनमधे लेथबीनं ॲनिलिनच्या ॲसिड सोल्यूशनमधून करंट सोडला तर प्लॅटिनमवर निळा-हिरवा थर बसला. साधारण त्याच काळात इंग्लंडमधे लाइटफूटनं सुती कापडावरच ॲनिलिनचं ऑक्सिडेशन करून पक्का काळा रंग काढला, ॲनिलिन ब्लॅक, जो धुऊन जात नाही कारण तो धाग्याच्या आतच तयार होतो. म्हणजे आपण आज प्रोजेक्ट म्हणून करतो ते कापड रंगवणारे दीडशे वर्षांपूर्वी हौदात करत होते, फक्त त्यातून करंट जातो का हे कुणी बघितलं नव्हतं. ते बघण्याचं वेड नंतर आलं. जपानमधे शिराकावांच्या लॅबमधे चुकून हजारपट कॅटॅलिस्ट पडला आणि पॉलिॲसिटिलीनची चकचकीत फिल्म मिळाली, मग १९७७ मधे मॅकडायर्मिड आणि हीगर यांच्याबरोबर त्यांनी तिला आयोडिन दिलं आणि प्लॅस्टिक करंट न्यायला लागलं, २००० मधे तिघांना केमिस्ट्रीचं नोबेल. व्हायव्हाला हे विचारतातच, पाठ करून जा.

आता सामान. ॲनिलिनची बाटली कपाटातून काढली तर शंभरातल्या नव्वद वेळा चहासारखी तपकिरी असते. तशीच वापरू नका. हवेनं ऑक्सिडाईज झालेलं असतं ते, थोडी झिंक डस्ट टाकून कमी प्रेशरवर डिस्टिल करा, पाण्यासारखं किंवा अगदी फिकट पिवळं यायला पाहिजे, आणि गडद बाटलीत फ्रिजमधे ठेवा. व्हॅक्यूमसाठी नळाला लावायचा वॉटर ॲस्पिरेटर मिळतो, पण ज्या गावात पाणी चार-चार दिवसाआड येतं तिथं तासभर नळ सोडून ठेवणं मला तरी पटत नाही, पंप असेल तर पंप वापरा. डिस्टिलेशनची कटकट नको असेल तर सरळ ॲनिलिन हायड्रोक्लोराईड घ्या, पांढरी पावडर येते, वजन करणं सोपं, वाफेचा त्रास पण कमी.

त्रासाचं निघालं म्हणून आत्ताच सांगतो, मागाहून विसरतो. ॲनिलिन विषारी आहे आणि ते फक्त नाकातून जात नाही, कातडीतून आत जातं, रक्तातल्या हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करतं, मग रक्त ऑक्सिजन नेईना होतं, ओठ-नखं निळी पडतात. त्यामुळं हातमोजे, गॉगल, फ्यूम हूड. हूडचा पंखा बंद असेल तर त्या दिवशी काम बंद. सांडलं आणि मोज्यावर पडलं तर मोजा बदला, पुसून तोच घालू नका. आणि हे घरी, गच्चीवर, हॉस्टेलच्या रूमवर करायचं काम नाही, कुणी कितीही म्हणालं तरी.

प्रमाण मी आययूपॅकच्या, म्हणजे केमिस्ट्रीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, २००२ च्या रिपोर्टचंच घेतो, स्टेस्कल आणि गिल्बर्टचा, कारण वेगवेगळ्या लॅबमधल्या लोकांनी एकच कृती करून बघितली आणि ५९ सॅम्पलची सरासरी कंडक्टिव्हिटी ४.४ सिमेन्स पर सेंटिमीटर आली, वर-खाली १.७. म्हणजे तुमच्याकडं तुलना करायला एक खुंटी मिळते. ॲनिलिन हायड्रोक्लोराईड २.५९ ग्रॅम, म्हणजे २० मिलीमोल, पाण्यात विरघळवून ५० मिली करायचं. अमोनियम परसल्फेट ५.७१ ग्रॅम, म्हणजे २५ मिलीमोल, तेही ५० मिली. लिक्विड ॲनिलिन वापरत असाल तर १.८६ ग्रॅम, साधारण १.८ मिली, आणि ते पाण्याऐवजी १ मोलर एचसीएलच्या (हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या) ५० मिलीमधे. एक मोलर एचसीएल म्हणजे कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड सुमारे साडेआठ मिली, पाण्यात ओतून १०० मिली. ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमधे नाही, हे पहिल्या वर्षीच शिकवलेलं असतं पण तरी.

२० ला २५ का, हा प्रश्न व्हायव्हात येतो. ॲनिलिनचे रेणू एकमेकांना जोडायला प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन काढावे लागतात, आणि जोडलेल्या साखळीला एमराल्डिन अवस्थेत, म्हणजे आपल्याला हव्या त्या अर्धवट ऑक्सिडाईज झालेल्या रूपात, न्यायला सरासरी अर्धा जादा, म्हणजे अडीच. एक परसल्फेट दोन इलेक्ट्रॉन घेतं. अडीच भागिले दोन, सव्वा. चार ॲनिलिनला पाच परसल्फेट. जास्त टाकलं तर लवकर होतं असं वाटून कुणीकुणी दुप्पट टाकतात, त्यानं साखळी जास्त ऑक्सिडाईज होऊन तुटायला लागते, माल मिळतो पण कुचकामी.

परसल्फेटचं सोल्यूशन त्याच दिवशी ताजं करा. कालचं उरलेलं वापरू नका आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत तर अजिबात भरून ठेवू नका, ते हळूहळू विघटन होऊन ऑक्सिजन सोडतं, आपल्याकडच्या उन्हात बाटली फुगायला वेळ लागत नाही.

आता तापमान. रिपोर्टमधे रूम टेंपरेचरवर केलंय, पण त्यांची रूम आणि आपली रूम यात फरक आहे हो. ही रिॲक्शन स्वतः उष्णता सोडते. मिक्स केल्यावर आधी काही वेळ काहीच होत नाही, त्याला इंडक्शन पिरियड म्हणतात, पोरं इथंच घाबरतात आणि अजून परसल्फेट ओततात, ओतू नका. मग एकदम थर्मामीटर चढायला लागतो. सुरुवातच ३८ अंशावरून केली तर कुठं जाऊन थांबेल ते बघवत नाही. म्हणून मार्च ते जून मी सरळ बर्फात करतो, ० ते ५ अंश. बर्फ रसवंतीवाल्याकडून आणायचा, कॉलेजचं आईस मशीन असेल तर नशीब. बर्फात मीठ टाकलं की अजून खाली जातं. दोन्ही सोल्यूशन आधी अर्धा तास बर्फात बसवा, मग परसल्फेट थेंब-थेंब नाहीतर बारीक धारेनं, दहा-पंधरा मिनिटांत, ढवळत. थंडीत इंडक्शन जास्त वेळ चालतं, साखळ्या लांब होतात, कंडक्टिव्हिटीत मात्र फार फरक पडतो असं नाही. थंडीच्या दिवसात, म्हणजे आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत, रूम टेंपरेचरला केलं तरी चालतं.

रंग बघत राहा, हाच खरा इन्स्ट्रुमेंट आहे आणि फुकट आहे. रंगहीन, मग हलकी गुलाबी-निळी छटा, मग गडद निळा जवळजवळ जांभळट, आणि शेवटी हिरवा. तो गडद निळा म्हणजे परनिग्रॲनिलिन, जास्त ऑक्सिडाईज झालेली अवस्था, ती उरलेल्या ॲनिलिनशी रिॲक्ट होऊन एमराल्डिनचा हिरवा होतो. निळ्यावरच अडकून बसलं असेल तर बहुतेक परसल्फेट जास्त पडलंय किंवा तुम्ही घाई केलीय. दर मिनिटाला तापमान वहीत लिहा, त्याचा ग्राफ रिपोर्टमधे लई छान दिसतो आणि रिॲक्शन कधी संपली ते पण कळतं, पारा चढून परत उतरायला लागला की मुख्य काम झालं. तरी रात्रभर ठेवाच.

एक टीप, जी मला कुणी सांगितली नव्हती. मिक्स करताना बीकरमधे दोन-तीन स्वच्छ काचेच्या स्लाईड उभ्या सोडा. सकाळी त्यावर पातळ पारदर्शक हिरवी फिल्म बसलेली असते, आपोआप. एका बाजूची पुसून टाका, ॲसिडनं धुवा, वाळवा, आणि थेट यूव्ही-व्हिजमधे (कुठल्या रंगाचा प्रकाश किती शोषला ते मोजणारं मशीन) लावा. हिरव्या सॉल्टचं, म्हणजे ॲसिड धरलेल्या रूपाचं, स्पेक्ट्रम घ्यायचा याच्याइतका सोपा मार्ग नाही, कारण हिरवी पावडर कशात नीट विरघळतच नाही.

धुणं. इथं सावकाश व्हा. बुखनर फनेलवर गाळा, आणि ०.२ मोलर एचसीएलनं धुवा, शंभर मिलीचे तीन हात. पाण्यानं नाही, ॲसिडनं. परसल्फेटमधून येणारं सल्फेट पण साखळीला चिकटलेलं असतं, एचसीएलच्या धुण्यानं ते बऱ्यापैकी बदलून क्लोराईड येतं, माल एकसारखा होतो. झालं का नाही ते बघायला फिल्ट्रेटच्या दोन मिलीत बेरियम क्लोराईडचे थेंब टाका, पांढरा गाळ आला तर सल्फेट अजून निघतंय, अजून धुवा. त्यानंतर ॲसिटोन, तेही तीनदा, त्यात छोट्या तुकड्यांचा तपकिरी ऑलिगोमर निघून जातो, ॲसिटोन रंगहीन यायला लागलं की थांबा. पण परसल्फेट पूर्ण निघाल्याशिवाय ॲसिटोनला हात लावू नका, ऑक्सिडायझर आणि ॲसिटोन ही जोडी बरी नाही. काका म्हणायचे, पहिल्या पाण्यात रंगाऱ्याला रंग दिसतो आणि शेवटच्या पाण्यात शेटला माल दिसतो, तसंच आहे हे.

वाळवायला व्हॅक्यूम ओव्हन, ६० अंश, वजन बदलायचं थांबेपर्यंत. व्हॅक्यूम नसेल तर साधा ओव्हन ५०-६० वर रात्रभर आणि मग डेसिकेटर. मे महिन्यात तर खिडकीत ठेवलं तरी वाळतं म्हणतील, पण उन्हात ठेवू नका, धूळ बसते आणि आपल्याकडं धुळीची काय कमी. लवकर वाळावं म्हणून १५० वर ठेवणारेही बघितलेत, त्या तापमानाला एचसीएल उडून जायला लागतो, म्हणजे परत डोपिंग गेलं. उत्पन्न किती यावं याचा हिशोब आधीच करून ठेवा. प्रत्येक ॲनिलिनमागं साधारण अर्धा एचसीएल धरला तर २० मिलीमोलचे जास्तीत जास्त २.२ ग्रॅमच्या आसपास होतात. तुमचे तीन ग्रॅम आले तर पेढे वाटू नका, पाणी नाहीतर मीठ शिल्लक आहे.

अर्धी पावडर बाजूला काढून ०.१ मोलर अमोनियात दोन-चार तास ढवळा, निळी होते, गाळून धुवा, इथं मात्र पाण्यानं. हा एमराल्डिन बेस, इन्सुलेटर. एकाच साखळीची दोन रूपं शेजारी ठेवली की डोपिंग म्हणजे काय ते परीक्षकाला शब्दात सांगावं लागत नाही. इथं ऑक्सिडेशन बदलत नाही, इलेक्ट्रॉन घेतले-दिले जात नाहीत, फक्त प्रोटॉन आत-बाहेर होतो, हे पॉलिॲनिलिनचं वेगळेपण आहे, आयोडिनवाल्या पॉलिॲसिटिलीनमधे असं नसतं.

कंडक्टिव्हिटी. मल्टिमीटरच्या दोन काड्या पावडरीत खुपसून आकडा लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार. तो आकडा बराचसा काडी आणि मालाच्या मधल्या कॉन्टॅक्टचा असतो. फोर प्रोबमधे एका ओळीत चार पिना असतात, बाहेरच्या दोन पिनांतून करंट जातो आणि आतल्या दोन पिनांवर व्होल्टेज मोजतो, आतल्यांतून करंट जवळजवळ जातच नाही म्हणून कॉन्टॅक्टचा त्रास संपतो. पावडर खलात एकसारखी बारीक करा, शेंगा चटणीसारखी तेल सुटेपर्यंत नाही, पण खडे राहायला नकोत. एफटीआयआरची (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम घ्यायचं मशीन) १३ मिलीमीटरची डाय, म्हणजे दाबायचा साचा, असते तीच वापरा, २०० मिलिग्रॅम, ५ टन, दोन मिनिटं. पेलेट साधारण मिलीमीटर-सव्वा मिलीमीटर जाड येते. जाडी स्क्रूगेजनं पाच ठिकाणी मोजा. कड तुटलेली, तडा गेलेली पेलेट फेकू नका, परत खलात टाका, पण तिचं मेजरमेंट घेऊ नका.

पेलेटची जाडी पिनांच्या अंतराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसेल तर सूत्र सोपं आहे, रेझिस्टिव्हिटी म्हणजे ४.५३२ गुणिले व्होल्टेज भागिले करंट गुणिले जाडी. सगळे इथंच थांबतात. पण हा ४.५३२ अनंत मोठ्या चादरीसाठी आहे आणि आपली पेलेट रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान. पिनांत २ मिलीमीटर अंतर आणि पेलेट १३ मिलीमीटरची असेल तर मधोमध टेकवल्यावर करेक्शन ०.८३ येतं, म्हणजे ते सोडलं तर तुमची रेझिस्टिव्हिटी जवळजवळ वीस टक्के फुगते. उदाहरण करूनच दाखवतो. करंट १ मिलीॲम्पियर, व्होल्टेज १.२ मिलीव्होल्ट, जाडी ०.१ सेंटिमीटर. ४.५३२ गुणिले ०.८३ गुणिले १.२ गुणिले ०.१, उत्तर ०.४५ ओहम-सेंटिमीटर. उलटं केलं की कंडक्टिव्हिटी २.२ सिमेन्स पर सेंटिमीटर. रिपोर्टच्या ४.४ ला हे निम्मं असलं तरी त्या वर-खालीचा विचार करता वाईट नाही, पहिल्या बॅचला मी तर पार्टी देईन. ०.०२ वगैरे आलं तर मात्र धुण्याकडं परत जा.

करंट एकाच किमतीला घेऊ नका. पाच-सहा किमतींना घ्या, मग करंटची दिशा उलटी करून परत घ्या, दोन्हींची सरासरी, त्यानं गरम-थंड टोकांमुळं येणारं फुकटचं व्होल्टेज निघून जातं. रेषा सरळ आली पाहिजे. वरच्या टोकाला वाकायला लागली तर पेलेट तापतेय, करंट कमी करा. आणि वहीत तारीख, रूमचं तापमान, दमटपणा लिहाच. पॉलिॲनिलिन धातूसारखं नाही, तापलं की कंडक्टिव्हिटी वाढते, आणि ओल धरली तरी वाढते. आपल्या कोरड्या मे महिन्यात घेतलेला आकडा आणि जुलैत पाऊस लागल्यावर घेतलेला आकडा एकाच टेबलात टाकून निष्कर्ष काढला की गाइड बरोबर तिथंच बोट ठेवतात.

बाकीचं कॅरॅक्टरायझेशन भराभर सांगतो. एफटीआयआरला एक मिलिग्रॅम माल २०० मिलिग्रॅम केबीआरमधे (पोटॅशियम ब्रोमाईड), जास्त टाकलं तर काळं पडून काहीच दिसत नाही. १५६०-१५८० पर सेंटिमीटरच्या आसपास क्विनॉइड रिंग, १४८०-१५०० ला बेंझेनॉइड, १३०० ला सी-एन, ११४० च्या जवळ रुंद पट्टा जो डोप्ड मालात उठून दिसतो, आणि ८०० च्या आसपास पॅरा जोडणीची खूण. २००० च्या वर बेसलाइन तिरकी चढत जाते, ती मशीनची चूक नाही, तो चार्ज कॅरिअरचाच, म्हणजे साखळीवर फिरणाऱ्या चार्जचाच, पुरावा आहे, बेसलाइन करेक्शन मारून तो घालवू नका. यूव्ही-व्हिजला निळा बेस एनएमपी नावाच्या सॉल्व्हंटमधे विरघळवून गाळून घ्या, ३३० आणि ६३० नॅनोमीटर अशी दोन शिखरं. हिरवं सॉल्ट एनएमपीत टाकलं तरी निळसर दिसतं कारण एनएमपी स्वतःच प्रोटॉन ओढतं, त्याला डोप्ड सॅम्पलचं स्पेक्ट्रम म्हणून छापू नका, त्यासाठीच त्या स्लाईड. स्लाईडवर ४२० ते ४३० ला एक आणि ८०० च्या पुढं रुंद डोंगर दिसला की पोलरॉन, म्हणजे तेच फिरते चार्ज, आहेत.

एक्सआरडीत (एक्स-रेनं मालाची रचना बघतात ते) १५, २० आणि २५ अंशांच्या आसपास पसरट टेकड्या येतात, तेवढंच. टोकदार सुईसारखी शिखरं दिसली की पोरं लिहितात, आमचं सॅम्पल हायली क्रिस्टलाइन आहे. अरे बाबा, ते अमोनियम सल्फेट आहे, धुतलं नाहीस. आणि त्या टेकडीला शेररचं समीकरण (शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढायचं) लावून ३.४७२ नॅनोमीटर असा तीन दशांशापर्यंत आकार काढणं बंद करा, टेकडीची रुंदी मोजतानाच तुमचा हात त्यापेक्षा जास्त हलतो. टीजीएत, म्हणजे तापवत तापवत वजन बघतात त्यात, शंभर-एकशे दहापर्यंत पाणी, १५० च्या पुढं ३०० पर्यंत डोपिंगचा ॲसिड, ४०० च्या पुढं साखळी जाते. एसईएमला (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) दाणे-दाणे, फुलकोबीसारखे गुच्छ दिसतात, सगळ्यांनाच दिसतात, त्यावर एक पान लिहू नका.

पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज ठरवून करंट मोजणारं मशीन) असेल तर इलेक्ट्रोकेमिकल पण करून बघा, ०.१ मोलर ॲनिलिन ०.५ मोलर सल्फ्युरिक ॲसिडमधे, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराईडला धरून -०.२ ते ०.९ व्होल्ट, ५० मिलीव्होल्ट पर सेकंद, प्लॅटिनमवर नाहीतर करंट नेणाऱ्या एफटीओ काचेवर. स्टीलची पट्टी वापरणार असाल तर एचसीएल नको, क्लोराईड स्टीलला खातं. दर फेरीला करंट वाढत जातो आणि फिल्म पिवळट, हिरवी, निळी अशी रंग बदलत जाते, ते नुसतं बघत बसलं तरी तास निघून जातो. फिल्मच्या सीव्हीत, म्हणजे व्होल्टेज वर-खाली नेत काढलेल्या करंटच्या ग्राफमधे, शिखरांच्या दोन मुख्य जोड्या येतात, आणि मधे ०.५ च्या आसपास तिसरी मोठी व्हायला लागली तर माल खराब होतोय, वरची मर्यादा ०.८ वर आणा.

शेवटचं माझं आवडतं. सोलापुरात राहून कापडावर केलं नाही तर काय केलं. टॉवेलचा दहा बाय दहा सेंटिमीटरचा पांढरा तुकडा घ्या, आधी साबण-सोड्यात उकळून त्याची खळ काढा, नाहीतर सगळं पॉलिमर खळीवर बसतं आणि पहिल्या धुण्यात निघून जातं. वरचं ॲनिलिनचं सोल्यूशन निम्मं पातळ करून बर्फात ठेवा, तुकडा त्यात अर्धा तास मुरू द्या, मग तेवढंच निम्मं पातळ केलेलं थंड परसल्फेट हळूहळू, दोन तास, अधूनमधून काठीनं उलटापालटा करत, म्हणजे डाग-डाग पडत नाहीत. पातळ ॲसिडनं धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. इस्त्री तर मारूच नका, सुती धागा ॲसिडमधे गरम झाला की कुजतो, जुन्या ॲनिलिन ब्लॅकची हीच बदनामी होती, रंग पक्का पण कापड हातात फाटायचं. टॉवेलच्या लूपमुळं प्रोब नीट टेकत नाही, म्हणून साधं विणलेलं चादरीचं सूत असेल तर मेजरमेंटला ते बरं. चौरस तुकड्याच्या समोरासमोरच्या दोन कडांना तांब्याच्या पट्ट्या दाबून क्लिप लावा, लांबी-रुंदी सारखी असल्यामुळं जो ओहमचा आकडा येतो तोच ओहम पर स्क्वेअर. माझा पहिला तुकडा काही किलोओहमचा आला होता.

आता तो तुकडा पातळ अमोनियाच्या बाटलीच्या तोंडावर धरा. हिरव्याचा निळा होतो आणि मीटरचा आकडा धावत सुटतो. मग एचसीएलच्या वाफेवर धरा, परत हिरवा. हूडमधे करा, आणि दोन्ही बाटल्या एकदम उघड्या ठेवू नका, पांढरा धूर होऊन सगळीकडं अमोनियम क्लोराईड बसतं. काकांना हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, म्हणजे हा कच्चाच रंग की, वासानं पळतो. मी म्हणालो पळत नाही, परत येतो. त्यांना काही पटलं नाही.

हिरवं-निळं पाणी बेसिनमधे ओतू नका, वेगळ्या कॅनमधे जमा करा, वर लेबल लावा, आणि लॅबच्या मामांना काय आहे ते तोंडानं सांगा, कारण लेबल कुणी वाचत नाही. भांडी त्याच दिवशी घासा, काचेवर बसलेली फिल्म दुसऱ्या दिवशी नुसत्या ब्रशनं निघत नाही. आणि ॲप्रन जुना घाला, माझ्या पांढऱ्या ॲप्रनच्या उजव्या खिशावरचा डाग आठ वर्षं झाली तसाच आहे, साबणानं धुतला की निळा होतो.